केबल तुटल्याचे पेढे

केबल तुटली म्हणून गावभर पेढे वाटणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. आमच्या हिची धाकटी बहीण त्यांना दिली. दिली तेव्हा मुलगा इंजिनियर, पुण्यात मोठ्या कंपनीत, पगार चांगला, असं सगळं रीतसर होतं. लग्नानंतर वर्षभरातच त्यांनी नोकरी सोडली आणि कवठे महांकाळच्या पुढे, जिथे बाभळीसुद्धा विचार करून उगवतात, अशा आपल्या गावी जाऊन घरोघरी इंटरनेट द्यायचा धंदा काढला. सासरेबुवा कित्येक दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मी आपला त्यांचं सांत्वन करायचं म्हणून "मुलगा हुशार आहे, काहीतरी करेल" असं बोलून गेलो. ते वाक्य फिरत फिरत साडूंच्या कानावर गेलं, त्यांनी मला कायमचा आपला मानला आणि तेव्हापासून मला सकाळी सव्वासातच्या पुढे झोपायला मिळालेलं नाही.

कारण सव्वासातला फोन वाजतो. मी निवृत्त माणूस. आयुष्यभर जिल्ह्याच्या कचेरीत दहाच्या ठोक्याला सही करायला धावलो, आता जरा अंथरुणात लोळावं म्हणतो, तर हा फोन. उचलला की पलीकडून एवढंच येतं, "आहे ना?" आपण म्हणायचं, "आहे." फोन बंद. ना तब्येतीची चौकशी, ना साताऱ्यात गारठा किती, ना बहिणीबहिणींचा निरोप. सुरुवातीला मी चिडायचो. "अहो, आहे म्हणजे काय? जाणार कुठं सकाळी सकाळी?" यावर ते गंभीरपणे म्हणाले, "साडूभाऊ, आसं गृहीत धरून चालत न्हाई. इचारावं लागतंय." मग एकदा दिवाळीत जेवणं झाल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. म्हणे दोन राउटर शेजारी असले की ते दर थोड्या सेकंदांनी एकमेकांना हाक मारतात, मी आहे, तू आहेस का? याला हॅलो म्हणायचं. लागोपाठ चार हाकांना उत्तर आलं नाही की शेजारी गेला असं धरायचं आणि आपला माल दुसऱ्या वाटेनं काढायचा. सगळं इंटरनेट या एवढ्या माणुसकीवर चाललंय, असं त्यांचं मत. मी म्हटलं, "मग मला सकाळी एकदाच का हाक?" तर म्हणाले, "आवं, तुमचं वय झालं. तुमाला टायमर लांबचा ठिवलाय."

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण त्यांनी एक दिवस एक काळा डबा आणून आमच्या फ्रीजवर ठेवला आणि आमचा साताऱ्यातला फ्लॅट आपल्या नेटवर्कात सामील करून घेतला. म्हणाले, इंटरनेटच्या पोटातून आपल्या गावापर्यंत बोगदा काढलाय. साताऱ्याच्या माणसाला बोगद्याचं कौतुक सांगू नये, आम्ही जन्मल्यापासून एकातून ये-जा करतोय. पण हा आमचा बोगदा भलताच चोंबडा निघाला. एकदा मी पूजेला बसलो होतो, तोच फोन. "साडूभाऊ, तुमचं घर गेलं!" माझ्या हातातली पळी ताम्हनात पडली. "गेलं म्हणजे? कुठं गेलं?" "हॅलो येत न्हाई घराचा." मी स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर हिनं फ्रीजवरच्या डब्याची पिन काढून तिथं मिक्सर लावलेला. तिकडून साडूंचा आवाज आला, "ताईंनी मिक्सर लावला आसंल. शेंगदाण्याची चटणी हाय व्हय? मला थोडी ठिवा." तेव्हापासून आमच्या घरात चटणी गुपचूप होत नाही.

त्यांच्या डोक्यात जगातल्या यच्चयावत माणसांची विभागणी झालेली आहे. एक भावकी आणि दुसरी सोयरीक. "भावकीत सगळ्यांला सगळ्यांचं म्हाईत आसतंय," ते सांगतात, आणि सांगताना समोरच्या ताटलीतल्या शेंगा मांडायला घेतात. "कुणाच्या दाराला कुठनं वाट, कुणाचा बांध कुठं, कोण कुणाकडं जातंय. सगळा नकाशा परत्येकाच्या डोस्क्यात. ह्येला राउटरच्या भाषेत ओएसपीएफ म्हंत्यात. आन सोयरीक कशी? पावण्याचं घर आतनं कसं हाय, आपल्याला काय करायचंय? त्यांनी एवढंच सांगायचं, आमच्यामार्फत तुमी कुठंकुठं पोचाल. आपण सांगायचं, आमच्याकडं कोणकोण हाय. झालं. ह्ये बीजीपी." सांगलीच्या ज्या मोठ्या कंपनीकडून ते इंटरनेट विकत घेतात, तिला ते कधी कंपनी म्हणत नाहीत. "पावण्यांचा फोन आलता," म्हणतात. हे नुसतं बोलणं नाही बरं का. आटपाडीला आमच्या नात्यातल्या एका मुलीची बोलणी चालली होती. मुलाचे वडील चहा पिता पिता आपल्या चुलत्यांशी चाललेल्या बांधाच्या भांडणाची हकिकत सुरू करणार, तोच साडूंनी हात वर केला. "थांबा पावणं. आतलं सांगू नगा. भावकीतलं भांडण सोयरिकीत सांडलं की आख्खं नेटवर्क बसतंय. तुमी फकस्त पोरगा काय करतोय आन पोरीला कुठं ठिवणार, तेवढंच बोला." मला वाटलं, झालं, आता उठा आणि चालू लागा. पण मुलाचे वडील हसले, म्हणाले, "माणूस मुद्द्याचा हाय," आणि पुढच्या चहाच्या आत सुपारी फुटली.

त्यांचा दुसरा सिद्धांत असा की, एकच वाट म्हणजे वाटच नव्हे. ते दोन पेनं बाळगतात, दोन बॅटऱ्या बाळगतात, साताऱ्याहून निघताना रेल्वेचं तिकीट काढतात आणि एसटीचंही आरक्षण करून ठेवतात. पण या सिद्धांताचा कळस त्यांच्या स्वतःच्या लग्नात झाला. ऐनवेळी भटजी आला नाही तर घोटाळा नको, म्हणून या गृहस्थांनी कुणाला न सांगता दोन भटजी सांगून ठेवले होते. दोघेही आले. दोघेही वेळेवर आले. एकानं अंतरपाट धरायला सांगितलं की दुसरा म्हणे, अजून अवकाश आहे. मुहूर्त जवळ आला तसे दोघंही मंत्र म्हणायला लागले, कुणी मागं हटेना, आणि आमच्या मेहुणीला डोकं वर करायला फुरसत मिळाली नाही एवढ्या अक्षता पडल्या. "दाजी," ती अजून मला म्हणते, "माझं लग्न इतकं पक्कं लागलंय, की हे सुटायचं नाव नाही." साडू मात्र तृप्त होते. म्हणाले, "दोन्ही वाटा चालू. ह्येच पायजे हुतं."

त्यांच्या संसाराचं रहस्यही असंच एका तांत्रिक गोष्टीत आहे. एकदा आमच्याच दिवाणखान्यात, आमच्याच सोफ्यावर बसून, त्यांनी लॅपटॉपवरून गावच्या राउटरच्या सेटिंगमध्ये काहीतरी बदल केला. एक ओळ चुकली आणि ज्या वाटेनं ते गावाशी बोलत होते तीच वाट बंद पडली. बसल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच. सगळं गाव अंधारात, हे साताऱ्यात, हातात हिनं दिलेला पोह्यांचा बशीभर ढीग. तसेच उठले आणि मिळेल त्या गाडीनं गावी पळाले, पोहे खिशातल्या रुमालात. तेव्हापासून त्यांनी नियम केला की कुठलाही बदल करताना सॉफ्टवेअरला बजावून ठेवायचं, दहा मिनिटांत मी परत येऊन 'बरोबर आहे' म्हटलं नाही, तर आपोआप आधीचं होतं तसं करून टाक. हा नियम त्यांना इतका आवडला की त्यांनी तो भांडणालाही लावला. रागाच्या भरात बायकोला काही बोलले आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच बोलले नाहीत, तर ते आपोआप रद्द. मेहुणी सुखात आहे. "मला काही करावं लागत नाही, दाजी. मी घड्याळाकडे बघत कोथिंबीर निवडते."

आता इतका नेमका माणूस, पण चूक करून बसला ती कुठे, तर मानपानात. चूक अशी, की जगातला दुसरा कुठलाही इंजिनियर ती करणार नाही.

साडूंना एक थोरले भाऊ आहेत, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. धंदा सुरू केला तेव्हा साडूंकडे काही नव्हतं. तेव्हा अण्णांनी माळावरच्या आपल्या नव्या घराचा स्लॅब दिला. त्यावर सिग्नल पकडायची एक तबकडी बसवली, तिचं तोंड डोंगराकडे, आणि डोंगरावरून पुढे सांगली. गावात पहिलं इंटरनेट आलं ते अण्णांच्या छपरावरून. अण्णा जिन्याखाली ठेवलेल्या राउटरच्या डब्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि लुकलुकणारा हिरवा दिवा आल्यागेल्याला दाखवत. "ह्यो बगा. आख्खं गाव ह्यातनं चाललंय." पुढं धंदा वाढला आणि साडूंनी ओढ्याच्या रस्त्यानं जमिनीतून केबल आणली. केबल म्हणजे तबकडीच्या कितीतरी पट वेगवान. आता राउटरला दोन वाटा झाल्या. कुठली आधी घ्यायची, हे त्याला आकड्यानं सांगावं लागतं. ज्या वाटेचा आकडा लहान, ती पहिली. कुणीही शहाणा माणूस केबलला लहान आकडा देईल. साडूंनी अण्णांच्या तबकडीला 'एक' दिला आणि केबलला 'दहा'. का? तर थोरल्याला डावलायचं कसं?

म्हणजे नवी कोरी केबल ओढ्याकाठी नुसती झोपून राहिली आणि सगळं गाव त्या एका तबकडीतून रांगत चाललं. पोरांच्या परीक्षांचे फॉर्म भरेनात, डेअरीचं मशीन अडकून बसायला लागलं, शिव्या यायला लागल्या. मी स्वतः त्यांना म्हटलं, "अहो, केबल काय लोणचं घालायला आणलीत?" तर मलाच म्हणाले, "साडूभाऊ, केबल कालची. अण्णांचं छप्पर पयलं." अखेर मेहुणीनं पदर खोचला. "तुमच्या अण्णांचा मान राखता राखता गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. मग मानाचं काय करायचं, शिंकाळ्यात टांगायचा?" साडूंनी दहा मिनिटं वाट बघितली. ती पुन्हा तेच बोलली. तेव्हा त्यांनी नाइलाजानं आकडे बदलले. केबलला एक आणि तबकडीला शंभर. अण्णांची तबकडी आता राखीव. केबल तुटली तरच तिच्याकडे जायचं.

आणि मग, अण्णांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून, त्यांना जाऊन सांगितलं काय, तर "अण्णा, तुमाला शंभर दिल्यात."

अण्णा खूश! पैकीच्या पैकी. पारावर दोन-चार जणांना सांगूनसुद्धा आले. पण जिन्याखालचा दिवा लुकलुकायचा थांबला होता. आता तो अधूनमधून एकदाच डोळा मारी, राउटर हॅलो म्हणे तेवढ्यापुरता. अण्णांनी डब्याला चापट्या मारून बघितल्या. मग गावातल्याच कुणी शहाण्यानं त्यांना खुलासा केला, की यात शंभर म्हणजे सगळ्यात मागचा नंबर. झालं! अण्णांचं तोंड काळवंडलं. साडू समजवायला गेले, "अण्णा, तुमी रिझर्व हाय. मोक्याला तुमीच." त्यावर अण्णा काय म्हणाले ते साडूंनी मला फोनवर सांगितलं. "अण्णा म्हणाले, रिझर्वात बसाय मी फौजंत गेलो न्हवतो. ह्या छपरावर तुजं काय काम न्हाई आता."

त्या दिवसापासून अण्णांनी धाकट्याशी बोलणं टाकलं. पण साडू काही हटले नाहीत. रोज सकाळी ते अण्णांच्या फाटकापर्यंत जात, बाहेरूनच "राम राम अण्णा!" म्हणून खणखणीत हाक मारत, थोडं थांबत आणि परत येत. आतून उत्तर नाही. अण्णा खुर्चीत बसलेले, तोंडापुढं पेपर. तिथून परत येताना वाटेतच मला सव्वासातचा फोन. पाऊसकाळ गेला, ज्वारी काढून झाली, तरी हा क्रम चालूच. मी एकदा म्हटलं, "तुमच्या नियमानं चार हाका चुकल्या की शेजारी गेला असं धरायचं ना? मग सोडा की नाद." तर म्हणाले, "मशीनचं तसं आसतंय. भावाला टायमर न्हाई लावला मी."

अशात अण्णांना नात झाली. अण्णांचा मुलगा, म्हणजे साडूंचा पुतण्या, बापाच्या पावलावर पाऊल ठेवून फौजेत गेलेला, कुठंतरी वर बर्फात. रजा मंजूर होईना. भांडणापासून अण्णांनी धाकट्याचं इंटरनेट वापरणं सोडलेलं, आणि गावात मोबाइलला रेंज म्हणजे देवाची कृपा, त्यामुळं बोलायला बसलं की चित्र गोठायचं. फोटो पाठवावेत तर बाळ दिवसभर झोपलेलं. पोरगा फोनवर आईला म्हणाला, "आये, मी अजून पोरीचं डोळं बगितलं न्हाईत." साडूंच्या वहिनी हे ऐकून बारशाच्या आदल्या आठवड्यात साडूंच्या दारात आल्या. "भावजी, तुमचं भावाभावांचं काय आसंल ते आसू दे. बारशाला चार वाजता त्याला बोलायला मिळणार हाय. तेवढं चित्र तुटाय नगं." साडूंनी शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी अण्णांचा निरोप आला, तोही वहिनींमार्फतच, "बारसं हुंदे. दुसऱ्या दिवशी ती तबकडी खाली उतरीव आन घिऊन जा. माज्या छपरावर भंगार नगं."

शब्द दिला खरा, पण माझ्या साडूंची झोप उडाली. त्या आठवड्यात ते सेटिंग तपासत होते, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. दोन्ही वाटांच्या हाका भराभर व्हाव्यात, एक वाट गेली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसरी धरावी, असं काहीबाही मला सकाळी सांगत. सव्वासातचा फोन त्या आठवड्यात एकदम बोलका झाला होता. मी विचारलं, "पण तबकडी तर अण्णा काढायला सांगतात." "बारशापतोर हाय की," ते म्हणाले. "एकच वाट म्हंजी वाटच न्हाई."

बारशाला आम्ही दोघं साताऱ्याहून गेलो, दोन मोठे खोके कंदी पेढे घेऊन. अण्णांच्या अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, भिंतीला भला मोठा टीव्ही टांगलेला. ठरल्या वेळी पडद्यावर पुतण्या आला. डोक्यावर लोकरीची टोपी, गालांची सालपटं निघालेली, आणि चित्र कसं आरशासारखं लख्ख. बायकांनी डोळ्याला पदर लावले. अण्णा पाळण्याच्या उशाशी ताठ उभे, पडद्यावरच्या मुलाकडं बघत. साडू शेवटच्या रांगेत, लग्नघरात चोरी करायला आल्यासारखे, खिशातल्या मोबाइलवर हात. अंगणात दोघा भावांनी एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही. आणि ज्या बाळासाठी हे सगळं, ते पाळण्यात मुठी मिटून गाढ झोपलेलं. आत्यानं वाकून त्याच्या कानात कुर्रर केलं, नाव सांगितलं, बायकांनी रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत दणादण धपाटे घातले, एवढा कालवा झाला, तरी पोरीनं डोळा म्हणून उघडला नाही. पुतण्या तिकडून म्हणाला, "आसू दे. झोपू दे तिला." पण त्याचा चेहरा पडला ते सगळ्यांना दिसलं. त्याची वेळ संपत आली होती.

आणि त्याच क्षणी साडूंच्या खिशातला मोबाइल वाजला, ओढ्याकडचा निरोप वाचून ते ताडकन उभे राहिले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले, "तुटली! आरं, तुटली!"

बायकांनी किंकाळी फोडली. पाळण्याची दोरी तुटली असंच प्रत्येकीला वाटलं. आत्या पाळण्यावर आडवी पडली, दोन मावशांनी खालून हात लावले, कुणीतरी समई उपडी केली. अण्णा गरजले, "काय तुटलं रं?" एवढ्या महिन्यांत धाकट्याशी बोललेला त्यांचा पहिला शब्द तो. आणि साडू मांडवाच्या मधोमध येऊन अक्षरशः नाचत होते. "केबल! ओढ्याजवळची केबल तुटली अण्णा! जेसीबीनं तोडली!" कुणीतरी पडद्याकडं बोट करून म्हणालं, "पण चित्र तर चालू हाय की!" "त्येच! त्येच तर म्हंतोय मी!" साडूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "केबल तुटली आन चित्र चालू हाय!"

मांडवातल्या एकालाही यात आनंद करण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. मला कळलं, कारण मी वर्षानुवर्षं सव्वासातला उठत होतो. मी एकटाच टाळ्या वाजवायला लागलो, तशी आमच्या हिनं माझ्या कोपराला चिमटा काढला.

पण या सगळ्या गोंधळात कुणी तरी जागं झालं होतं. आत्या पाळण्यावरून बाजूला झाली तर पोरगी टक्क डोळे उघडून बघत होती. मोठे, काळेभोर, जरा रागावलेले डोळे. वहिनींनी तिला चटकन उचलून पडद्यासमोर धरली. पडद्यावरचा तो सहा फुटी जवान दोन्ही हात तोंडावर घेऊन बसला. मग म्हणाला, "अण्णा... डोळं तुमच्यावर गेल्यात." बाप आणि लेक एकमेकांकडं बघत होते. कितीतरी वेळ. त्याची वेळ संपेपर्यंत चित्र एकदाही अडखळलं नाही.

अण्णा घरात गेले. डोळे पुसायला गेले असावेत, सुभेदार चारचौघांत रडत नाहीत. आत जिन्याखाली तो डबा होता. आम्ही बाहेरून बघत होतो, अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले ते उभेच. हिरवा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता. बाहेर आले तेव्हा त्यांनी सगळ्या मांडवातून बरोबर साडूंना हुडकलं.

"धाकल्या."

"जी अण्णा."

"माजा दिवा लागलाय."

"व्हय अण्णा."

"पोरीचं डोळं माज्या छपरावरनं गेलं?"

"व्हय. पोरीचं डोळं बी, आन आख्खं गाव बी. केबल जोडंस्तवर सगळं तुमच्या छपरावरनं चाललंय."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी रिझर्वात न्हाई मी."

"न्हाई अण्णा. ड्यूटीवर हाय."

अण्णांची छाती आधीच ताठ होती ती आणखी दोन बोटं वर आली. साडूंना तेवढ्यात सुद्धा मस्ती सुचली. "मग अण्णा, उद्या तबकडी उतरवून न्यायची ना?" अण्णा म्हणाले, "हात लावून तर बग!" आणि धाकट्याच्या पाठीत असा धपाटा घातला की आत्याला पडलेले सगळे धपाटे त्यापुढं फिके.

पुढचं काय सांगू! साडूंनी माझ्या हातातला पेढ्यांचा एक खोका हिसकावून घेतला आणि घरोघर निघाले. "केबल तुटली, पेढा घ्या." लोक हातात पेढा घेऊन त्यांच्या तोंडाकडं बघत. मी मागून दुसरा खोका घेऊन पळत होतो, कारण बारशाचे पेढे संपले तर साताऱ्याची अब्रू जायची. शेवटी ते ओढ्याजवळ गेले. तिथं पाइपलाइनचा चर खणणारा जेसीबीवाला तुटक्या केबलजवळ चोरासारखा बसला होता, आता हा मालक काय करतो या भीतीनं. साडूंनी त्याच्या हातात दोन पेढे ठेवले, त्याला मिठी मारली आणि म्हणाले, "गड्या, लय झ्याक टायमाला तोडलीस." तो गडी इतका घाबरला की पेढा त्याच्या तोंडात जाईना. मालकाचं डोकं फिरलंय असंच त्याला वाटलं असणार. बिचाऱ्यानं हात जोडून पेढा परत द्यायचा प्रयत्न केला. मला तर साडूच त्या संध्याकाळी सगळ्या जिल्ह्यात सर्वांत शहाणे वाटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याला परतलो. त्याच्या पुढच्या सकाळी सव्वासात झाले, फोन नाही. साडेसात झाले, नाही. मी हिला विचारलं, "मिक्सर लावलायस का?" नव्हता लावला. फ्रीजवरचा डबा ठणठणीत होता. मी फोन हातात धरून गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो, आणि असं काही होईल असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पावणेआठला फोन वाजला. "आहे ना?" "आहे! पण तुम्ही कुठं होता इतका वेळ?" तर म्हणाले, "अण्णांच्या फाटकाला गेल्तो. राम राम म्हनायच्या आदीच अण्णांनी राम राम घातला. मग च्याला बसीवलं. मग दुसरा च्या झाला."

केबल केव्हाच जोडली गेली. तबकडी अजून छपरावर आहे, पुन्हा शंभर नंबरावर, पण आता अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच सांगतात की शंभरवाल्याशिवाय पोरीचे डोळे दिसले नसते. साडूंचा फोन मात्र दिवसेंदिवस लांबत चालला आहे. आठ होतात, कधी साडेआठ, आणि ज्या दिवशी अण्णांकडे थालीपीठ असतं त्या दिवशी येतच नाही. मला आता हवं तेवढं लोळता येतं. जाग मात्र सव्वासातलाच येते. मी उठतो, फ्रीजवरचा दिवा बघतो, चहा घेतो, थांबतो. भावाला टायमर लावायचा नसतो, हे मला कळतं. तरी पण साडेआठ वाजले की राहवत नाही आणि मीच फोन लावतो.

परवा साडूंचा फोन अण्णांनी उचलला. मी म्हटलं, "आहे ना?"

पलीकडे बशीत चहा ओतल्याचा आवाज आला, आणि मग अण्णा म्हणाले, "हाय हाय. दोगंबी हाय."